तीनशे बाराची फॅट

उस्मानाबाद,
९ फेब्रुवारी १९८३

आदरणीय अक्का,

सविनय जयभीम. दाजी, पत्र सावकाश वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका. मागच्या खेपेला तुम्ही म्हशीच्या औषधाचं गाळलंत आणि बोलणी मी खाल्ली.

वेल्लोरहून परवा सकाळी पोचलो. काटपाडीपासून सोलापूरपर्यंत बसायला जागा मिळाली, एवढं नशीब. अक्का, तुझी किडनी माझ्या पोटात बसवून तीन वर्षं होऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले आणि म्हणाल्या, "फर्स्ट क्लास. ही किडनी तुझ्याच पोटात जन्मल्यासारखी चालते." मग तुझी चौकशी केली. टाके काढायच्या आधीच घरी म्हैस एकटी आहे म्हणून नर्सशी भांडणारी ती उंच बाई कशी आहे, असं विचारलं. तिथं अजून तुझं नाव निघतं.

या खेपेला एक नवीन तपासणी केली. मी इथं दूध संघात दिवसाला दोनशे नळ्या फिरवून लोकांच्या दुधाची फॅट काढतो, तशी त्यांनी माझ्या रक्तातली चरबी काढली. ती तीनशे बारा आली. वजन भरलं एक्याऐंशी. ऑपरेशनच्या आधी चोपन्न होतं, तुला आठवत असेल, पाठीवर घेऊन जिना चढली होतीस. डॉक्टरीणबाईंनी आणखी बरंच सांगितलं आहे, ते भेटीत बोलू.

तुपाचा डबा उमरगा गाडीच्या कंडक्टरनं नीट पोचवला. चेअरमन आण्णासाहेब आलेल्या पाहुण्यांना हल्ली मला दाखवतात. म्हणतात, "आमच्या संघाच्या दुधावर माणूस कसा होतो, बघा." मथुरेचा तुम्हां दोघांना जयभीम.

तुझा,
मच्छिंद्र

•

माकणी,
२० फेब्रुवारी १९८३

चि. मच्छिंद्र यास व्यंकटदाजींचा आशीर्वाद. खाली तुझी अक्का सांगते तसं लिहितो. त्यात माझा एक शब्द नाही.

मच्छिंदर, तीनशे बारा! आरं, आमच्या डेअरीत परवा कडूबाईच्या म्हशीला साडेआठची फॅट लागली, तर त्या बाईनं म्हशीच्या गळ्यात घुंगरू बांधलं. दोन दिस जमिनीवर पाय न्हवता तिचा. म्या काल कॅन ठिवला आन समद्यांच्या म्होरं सांगितलं, माझ्या भावाला तीनशे बाराची लागली, वेल्लोरच्या मशिनीवर. कडूबाईचं तोंड बघण्यासारखं झालं.

तीन सालाखाली हेच लोक काय म्हणत हुते? बाई अर्धी होऊन आली, आता हिच्यानं काम व्हायचं न्हाय, मेलेल्या भावासंगं हीबी जाणार. आता बघा म्हणावं. म्या धरणावर पाटी उचलते, म्हैस संभाळते, आन भाऊ एक्याऐंशी किलोचा हाय. गुर्दा माझा, तूपबी माझं. आपल्या वस्तीत रोज तूप खाणारा तू पहिला माणूस हायस, मच्छिंदर. ध्यानात ठिव.

ह्या म्हयन्यात दोन डबे पाठवते. कमी पडलं तर लाजू नको.

(ती म्हशीकडं गेली, म्हणून चार ओळी माझ्या. बाबा, दुधाला जास्त फॅट चांगली, एवढं मला कळतं. माणसाच्या रक्तालाही तोच हिशेब का? तुझ्या पत्रात "आणखी बरंच सांगितलं" असं वाचलं, तेव्हा मला बरं वाटलं नाही. खरं काय ते धरणाच्या ऑफिसच्या पत्त्यावर कळव. हजेरीचं टपाल मीच फोडतो.)

व्यंकट

•

उस्मानाबाद,
२८ फेब्रुवारी १९८३

आदरणीय दाजी,

तुमची शंका खरी आहे. तीनशे बारा वाईट आहे. दोनशेच्या आसपास पाहिजे. रक्तातली साखरही वाढायला लागली आहे.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं. किडनी दुसऱ्याची आहे म्हणून शरीर तिला बाहेर काढायला बघतं. ते होऊ नये म्हणून मी रोज गोळ्या घेतो. त्याच गोळ्यांनी भूक सुटते, तोंड गोल होतं, चरबी आणि साखर साचते. आण्णासाहेब पाहुण्यांना दाखवतात ते माझं बाळसं दुधाचं नाही, गोळ्यांचं आहे. आणि गोळ्या सोडता येत नाहीत. त्या सोडल्या तर किडनी गेली. राहिलं काय, तर खाणं आणि चालणं. तूप, लोणी, साय बंद. त्यांचं शेवटचं वाक्य मी गाडीत सबंध वाटेनं घोकत आलो. "किडनी दहा वर्षं चालेल, पण त्याआधी हृदय बंद पडलं तर तुझ्या बहिणीनं दिलेलं मातीत जाईल."

हे अक्काला कसं सांगू? दुष्काळात ती खडी फोडत होती आणि मी कॉलेजात होतो. किडनी द्यायची वेळ आली तेव्हा तिनं कुणाला विचारलं नाही आणि मीही एकदा नको म्हणालो नाही. आता तूप नको म्हणायला जीभ रेटत नाही. डबा आला की मी खातो, दाजी. एकदा शेजाऱ्यांना देऊन पाहिला. त्यांच्या घरातून कढीला दिलेल्या फोडणीचा वास आला आणि मला चोरी केल्यासारखं वाटलं. मथुरा रोज भांडते.

तुमच्या परीनं काही करता आलं तर करा. पण माझं नाव पुढं करू नका.

तुमचा,
मच्छिंद्र

•

लोअर तेरणा प्रकल्प, माकणी,
१९ मार्च १९८३

चि. मच्छिंद्र,

मी प्रयत्न केला. जेवताना सहज म्हणालो, तुपानं म्हणे माणसाचं रक्त जड होतं. ती म्हणाली, "तुमचं झालंय का? पन्नास किलो भरत न्हाय तुमी." विषय संपला. सहाशे मजुरांची हजेरी मी घेतो, कुणाला भीत नाही. घरची गोष्ट वेगळी आहे.

दुसऱ्या दिवशी म्हणालो, म्हशीचं दूध आटलंय, एक डबा पुरे. तर तिनं स्वतःच्या चहातलं दूध बंद केलं आणि दोन डबे भरले. आता काहीही बोललो की तिच्याच तोंडचं जातंय. म्हणून गप्प आहे.

दुपारी समाजमंदिरात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला आहे. शिवकांताबाई नावाच्या शिक्षिका लोहाऱ्याहून येतात. तुझी अक्का पाटी घेऊन जाते आणि ग, म, भ, न गिरवते. चार दिवसांचं वेड आहे, पण तेवढा वेळ ती मलई काढत नाही, हाच फायदा.

तू स्वतः सांग, बाबा. हे ओझं माझ्या खांद्याचं नाही.

व्यंकट

•

उस्मानाबाद,
२१ जुलै १९८३

आदरणीय अक्का,

सविनय जयभीम. दोन्ही डबे मिळाले. तुझ्या तुपाला इथं तोड नाही. माझी प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी. औंदा पेरण्या मागं पडल्या, तरी संघाला दूध बरं येतंय. मला कामातून सवड होत नाही, म्हणून एवढंच.

तुझा,
मच्छिंद्र

•

(त्याच पाकिटातली दुसरी चिठ्ठी)

दाजी, ही चिठ्ठी अक्काला वाचून दाखवू नका. पावसाळ्यामुळं धरणाचं काम बंद, ऑफिसचा पत्ता बंद, म्हणून याच पाकिटात घालतोय.

गेल्या सोमवारी संघाच्या जिन्यावर छातीत कळ आली. घाम सुटला, तिथंच बसलो. सोलापूरला नेऊन हृदयाची पट्टी काढली. झटका नव्हता, पण इशारा आहे म्हणाले. कोलेस्टेरॉल आता तीनशे अडतीस आहे. तूप थांबवलं नाही तर वर्षाची खात्री देत नाहीत. अक्काचा डबा समोर आला की माझं काही चालत नाही. कसंही करून डबे बंद करा. म्हैस विका, नाहीतर कंडक्टरला सांगून डबा परस्पर गायब करा. पण अक्काच्या कानावर घालू नका, तिला दुखेल.

मच्छिंद्र

•

माकणी,
१ ऑगस्ट १९८३

मच्छिंदर,

ह्ये पत्र म्या लिहितेय. कुणी सांगितलं न्हाय, कुणी हात धरला न्हाय. दाजी बी-बियाणाला लोहाऱ्याला गेलेत.

पोष्टमननं पाकीट माझ्या हातात दिलं. म्या फोडलं. दोन कागद निघाले. येक माझा, येक दाजीचा. दाजीच्या कागदावर वरच माझं नाव दिसलं. अक्काला वाचून दाखवू नका. म्या म्हणलं, बरं, नका दाखवू. म्याच वाचते.

सकाळी बसले. म्हशी चरून घरी आल्या तवा कागद सरला. शिवकांताबाईला इचारलं असतं तर तिनं चटकन वाचला असता. पर घरातली गोष्ट, म्हणून इचारलं न्हाय. येक लांबडा इंग्रजी शब्द मला लागला न्हाय. छातीत कळ लागलं. जिन्यावर बसलो लागलं. तूप लागलं. तिला दुखेल, ह्येबी लागलं.

गुर्दा काढायला म्या टेबलावर झोपले तवा तुला वाटलं न्हाय, अक्काला दुखंल. आन तुपाचा डबा नको म्हणताना तुला वाटलं, अक्काला दुखंल. काय किंमत केलीस रं माझी?

म्या तुला येका हातानं जीव दिला आन दुसऱ्या हातानं त्याच्या नरड्यात तूप वतत हुते. तुला ठावं हुतं. दाजीला ठावं हुतं. मथुरेला ठावं. येकल्या मलाच ठावं न्हवतं. डेअरीवर म्या तीनशे बारा, तीनशे बारा करीत फिरले, येड्यावानी.

म्या रागात हाय. लई रडले बी. आता काय खायचं, काय न्हाय, ते समदं लिही. मोठ्या अक्षरात लिही. दाजीसाठी चिठ्ठी घालू नको. दाजीला म्या काय बोलले ते दाजीलाच इचार.

भिमाबाई

•

उस्मानाबाद,
६ ऑगस्ट १९८३

अक्का,

मोठ्या अक्षरात लिहितोय. कुठं अडलीस तर तेवढ्यावर बोट ठेवून पुढं जा, मागून लागेल.

तुझं पत्र आलं. मी चार वेळा वाचलं. मग मथुरेला दिलं. मग खिशात घालून संघात नेलं आणि माझ्या बहिणीनं स्वतःच्या हातानं लिहिलंय म्हणून सगळ्यांना दाखवलं. आत सगळ्या शिव्या मला होत्या, तरी दाखवताना छाती फुगली. छातीत कळ नाही आली, काळजी करू नकोस.

माझं चुकलं. तू रागावलीस ते बरोबर आहे. तुझ्याजवळ धीर केवढा आहे हे मी वेल्लोरला पाहिलं होतं आणि तरी तुला काचेच्या भांड्यासारखं जपायला गेलो.

आता खरं लिहायचं ठरवलं आहे तर सगळंच लिहितो. तुला दुखेल म्हणून मी गप्प होतो, हे अर्धं खरं. ते तूप मला सोडवत नव्हतं, हे उरलेलं अर्धं. नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगाराच्या दिवशी मी भातावर तूप घेतलं आणि दार सताड उघडं ठेवून जेवलो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. तेव्हापासून तूप म्हणजे माझं माणसात येणं आहे. डॉक्टरीणबाईंना हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी कोरडी भाकर खा म्हटलं आणि मला बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळायची ती तांबडी मिलो ज्वारी आठवली. परत मागं ढकलल्यासारखं वाटलं.

खायचं ते असं. ज्वारीची भाकर, हुलगे, मटकी, पालेभाज्या, बिनसायीचं ताक. तेल चमच्यानं मोजून. तूप, लोणी, साय, तळलेलं, गूळ-साखर नाही. आणि रोज तासभर चालायचं. गोळ्या मात्र एकही चुकवायची नाही.

तुझा,
मच्छिंद्र

•

माकणी,
१९ ऑगस्ट १९८३

मच्छिंदर,

दोन दिसात वाचलं. मागच्यापरीस लवकर.

तू लिहिलंस, मागं ढकलल्यावानी वाटतं. म्या त्याच्यावर लई इचार केला. आरं, बहात्तर साली आपल्याला दुसरं मिळत न्हवतं म्हणून कोरडी भाकर खाल्ली. आता घरात तुपाचा डबा असून तू खाणार न्हायस. आपल्या मर्जीनं. ह्या दोन भाकरींची चव येक कशी असंल? सावकाराच्या घरचा माणूस येका येळला जेवतो तर लोक म्हणतात उपास हाय. आपण येका येळला जेवलो तर म्हणायचे, घरात न्हाय. आता तूबी दार सताड उघडून भाकर खा.

म्या मलई काढायची सोडली. समदं दूध डेअरीला घालते. काल साडेसातची फॅट लागली. ती तिथंच ऱ्हाऊ दे.

डेअरीवर बायांच्या म्होरं उभी ऱ्हाऊन सांगितलं, तीनशे बारा लई वंगाळ असतं, म्या चुकले. लाज वाटली. पर सहा म्हयने खोटं सांगितलं तर खरं सांगायला येक दिस घालावाच लागतो. कडूबाई म्हणली, आगं मंग आमच्या म्हशीचं साडेआठ बी वंगाळ का? म्हणलं, म्हशीचं दुधात उतरतं बाई, माणसाचं कुठं उतरतंय? ते आत साचतं. तवापासून कडूबाई आपल्या मालकाला तळलेलं वाढंना झाली. त्यो माझ्यावर चिडून हाय.

चालायचं म्हणतोस. उस्मानाबादचे लोक हसतील, इनाकारण हिंडतंय म्हणून. तर असं कर. हातात पिशवी धर. पिशवी असली की माणूस कामाला चाललाय असं वाटतं, कुणी हसत न्हाय.

हुलगे आन अंबाडीची भाजी कंडक्टरजवळ दिलीय. डबा उघडून बघायला भिऊ नको.

भिमाबाई

•

उस्मानाबाद,
११ मार्च १९८४

आदरणीय अक्का,

सविनय जयभीम. आज अक्षर लहान काढतोय, कारण शिवकांताबाई प्रौढ शिक्षणाच्या कामानं इथं आल्या होत्या आणि म्हणाल्या, भिमाबाई आता वर्तमानपत्र वाचतात. मला बातमी दुसऱ्याकडून कळावी, हे काही बरं नाही.

वेल्लोरला जाऊन आलो. किडनी होती तशीच, फर्स्ट क्लास. चरबी दोनशे सव्वीस. अजून थोडी उतरायची आहे, पण डॉक्टरीणबाई कागद घेऊन शेजारच्या खोलीत गेल्या आणि दुसऱ्या दोन डॉक्टरांना दाखवून आल्या. साखर जागेवर आली. गोळी अर्ध्यानं कमी केली, ती त्यांनीच केली, मी नाही. वजन चोपन्न नव्हे आणि एक्याऐंशीही नव्हे, सहासष्ट. जिना आता न थांबता चढतो. पिशवीची युक्ती लागू पडली. फक्त रस्त्यात लोक मला भाजी आणायला सांगतात.

आता गंमत ऐक. मी उतरलो तसा इथं बोभाटा झाला की मच्छिंद्रची किडनी गेली. संघातले दोघंजण घरी येऊन मथुरेसमोर डोळे पुसून गेले. तिनं त्यांना ताक पाजून परत पाठवलं. आण्णासाहेब पाहुण्यांना मला दाखवेनासे झाले. मी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलो की ते दुसरीकडं बघायचे.

गेल्या रविवारी संघाची वार्षिक सभा झाली. नंतर जेवण होतं. चारशे माणसं, एकच पंगत, कोण कुठला याची विचारपूस नाही. मी मधोमध बसलो होतो. संघाचं तूप होतं, त्याची तपासणी मीच केली होती. आण्णासाहेब स्वतः तपेली घेऊन वाढायला निघाले. माझ्यापाशी आले, माझं तोंड बघितलं आणि थांबले. म्हणाले, "मच्छिंद्रराव, फार खराब झालात. आज माझ्या हातचं पोटभर घ्या." आणि तपेली कलती केली.

अक्का, एका क्षणात माझ्या मनात काय काय येऊन गेलं. चारशे माणसांच्या पंगतीत चेअरमन आपल्या हातानं मला तूप वाढतोय. हे बघायला तू तिथं हवी होतीस, असं वाटलं. घ्यावं, एका दिवसानं काय होतंय, असंही वाटलं. तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला सांगू? आणि मी ताटावर हात आडवा धरला.

म्हणालो, "नको, साहेब."

आण्णासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, मी त्यांचा मान ठेवला नाही. म्हणाले, "का हो? काही चुकलं का आमचं?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "साहेब, माझ्या पोटात माझ्या अक्काची किडनी आहे. माकणीची भिमाबाई, धरणावर पाटी उचलते ती. तिची किडनी सांभाळायची म्हणून मी तूप सोडलंय. मी खराब झालो नाही, मुद्दाम उतरलोय. मागं मी जाड दिसत होतो तेव्हा आजारी होतो, आता बरा आहे."

त्यांनी तपेली सरळ केली. मग विचारलं, "मग तुम्हाला काय वाढू?" मी म्हणालो, ताक चालेल. तपेली दुसऱ्याच्या हातात देऊन ते स्वतः आत गेले आणि ताकाचा तांब्या घेऊन आले. माझ्या शेजारी बसलेल्या मुरूमच्या कल्याणप्पांनी मला हळूच विचारलं, चरबी मोजून कुठं देतात.

आजवर मला वाटायचं, तुझ्या उपकाराखाली मी दबलोय. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, तुझं मी सांभाळतोय. ताक पिताना मला फार अभिमान वाटला, अक्का. तुझाही आणि माझाही.

तुझा,
मच्छिंद्र

•

माकणी,
२० मार्च १९८४

मच्छिंदर,

तुझं पत्र म्या येका बैठकीत वाचलं. दाजीला वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मंग म्हणले, पुन्हा वाच.

दोनशे सव्वीस म्या डेअरीच्या भिंतीवर खडूनं लिहिलं. आता समद्या बायांना कळतं, हितं कमी ते चांगलं. म्होरल्या खेपेला तुझ्यासंगं वेल्लोरला म्याबी येते. चार साल झाले, म्या माझं काय बी तपासलं न्हाय. काय वंगाळ निघालं तर तुझ्या जिवाला घोर लागंल म्हणून गेले न्हाय. तुला बोलले आन म्याबी तेच केलं. आता जाऊ. दोघांचे कागद संगंच बघू.

येक गोष्ट तुला कधी सांगितली न्हाय. तू दोन वर्साचा हुतास, माझ्या काखंत. गावात मोठ्या घरचं लगीन हुतं. आपली माणसं मांडवाच्या भायेर, उन्हात बसलेली. वाढपी तुपाची तपेली घिऊन मांडवाच्या कडंपतूर यायचा आन तिथनंच माघारी फिरायचा. लेकरं तिकडं बघत हुती. आपल्या आबानं मान खाली घातली आन पत्रावळीवर हात आडवा धरला. म्या इचारलं, आबा, कोण वाढतंय, हात का धरला? आबा म्हणले, कुणी वाढत न्हाय म्हणून धरला. नको म्हणायची लई हौस हाय मला.

आबाची हौस तू भागवलीस, मच्छिंदर. नको म्हणायला आधी कुणीतरी वाढावं लागतं. तुला वाढलं, तू नको म्हणलास, आन वाढणारा थांबून इचारत हुता, मंग काय देऊ.

तुझी अक्का,
भिमाबाई